पोस्त

नरकचतुर्दशीच्या पहाटे मुरुडच्या घरगुती निवासात पाहुण्यांच्या आंघोळीसाठी बंबात सोडणं सारणारी मावशी स्वतःच्या दारात कारीट फोडायला नसते. पुण्या-मुंबईला सुट्टी लागली की दापोली तालुक्यातल्या या किनाऱ्यावर कामाची धांदल सुरू होते. नारळी-पोफळीच्या आगरातलं घर, मागे चार-सहा खोल्या, यजमानीण स्वयंपाकघरात आणि हाताखाली दोन-चार माणसं, एवढ्यावर इथला धंदा चालतो. सणाचं देणंही मग घरच्याच रीतीनं होतं. त्याला जुना शब्द आहे, पोस्त.

1965च्या बोनस कायद्यानं किमान बोनस ठरवला. पुढे तो 8.33 टक्के, म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा झाला. पण कायदा होता मुख्यतः 20 किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांसाठी. खोल्या झाडणारी मावशी, आगरात शिपणं करणारा गडी, नारळ उतरवायला येणारा पाडेली यांचं सारं यजमानांच्या दानतीवर. म्हणूनच पोस्त कधी आणि कशी दिली जाते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

चांगल्या घरात ती वसुबारसेच्या आधीच हातात पडते, कारण बाजार तेव्हा करायचा असतो. पाकिटात पैसे, वर साडी किंवा मुलांचे कपडे, आणि फराळ. एका घरी तो डबा भरताना मी पाहिला: खाली चिवडा, त्यावर कडबोळी आणि सगळ्यात वर, मोडू नयेत म्हणून, केळीच्या पानावर करंज्या. पाहुण्यांच्या ताटात जाणार होत्या त्याच घाण्यातल्या. भाऊबीज उलटल्यावर उरलासुरला, मऊ पडलेला फराळ हातावर ठेवणारी घरंही आहेत. त्याला पोस्त म्हणू नये.

3 जून 2020ला निसर्ग चक्रीवादळानं इथली आगरं आडवी केली. पोफळ नव्यानं लावली तर पीक हाती यायला कित्येक वर्षं जातात, आणि करोनामुळे खोल्याही रिकाम्या पडलेल्या. त्या दिवाळीत माझ्या माहितीतल्या एका घरानं पोस्त दोन हप्त्यांत दिली, पण चुकवली नाही.

पैशांइतकंच मोल रजेचं. गणपतीत कोकणातला माणूस कामावर थांबत नाही, हे सगळेच धरून चालतात. खरी कसोटी शिमग्याची. होळीला जोडून सुट्ट्या आल्या की पाहुण्यांची रीघ लागते, आणि नेमकी तेव्हाच ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते. पालखी दारात आली आणि घराला कुलूप, असं चालत नाही. अशा दिवशी काही घरं दोन खोल्या मुद्दाम रिकाम्या ठेवतात. यजमानांचा मुलगा स्वतः चादरी बदलतो आणि मावशी आपल्या अंगणात देवीची ओटी भरते.