लाईट गेली की संगणक का विसरतो?

निकालपत्रक टाइप करत अर्धा तास बसलात, सेव्ह करायचं राहिलं आणि लाईट गेली. पुन्हा पहिल्यापासून! मग मुलं विचारतात, "सर, संगणकाच्या तर सगळं लक्षात राहतं ना?" प्रश्न बरोबर आहे. उत्तरासाठी थोडं मागे जाऊ.

१९४८ साली इंग्लंडमधल्या मँचेस्टर विद्यापीठात एक संगणक बनला. त्याची मेमरी म्हणजे जुन्या टीव्हीसारखी एक पिक्चर ट्यूब. तिच्यावर ठिपक्यांच्या रूपात १०२४ बिट मावायचे, म्हणजे जेमतेम १२८ अक्षरं. ठिपके लगेच पुसट व्हायचे, म्हणून ते सारखे गिरवावे लागत.

१९५३ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेच्या व्हर्लविंड संगणकात फेराइटच्या बारीक कड्यांची मेमरी आली. कड्याचं चुंबकत्व एका दिशेला असेल तर १, उलट असेल तर ०. वीज गेली तरी चुंबकत्व टिकायचं, म्हणजे ही मेमरी विसरत नव्हती! पण अशी कडी मण्यांसारखी तारांत ओवावी लागत, आणि ते काम बहुतेक स्त्रियांच्या हातांनी व्हायचं. चंद्रावर गेलेल्या अपोलो यानाचा प्रोग्रामही असाच हाताने विणलेला होता. तार कड्यातून गेली तर १, बाहेरून गेली तर ०. एक तार चुकली तर प्रोग्राम चुकला. (हे मुलांना जरूर सांगा, डोळे मोठे होतात त्यांचे.)

मग ही न विसरणारी मेमरी गेली कुठे? १९६६ मध्ये आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना सुचलं की एका बिटला एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर पुरे. कपॅसिटरमध्ये विद्युतप्रभार असला तर १, नसला तर ०. १९७० मध्ये इंटेलने विद्युतप्रभाराच्या रूपात बिट साठवणारी चिप विकायला काढली, क्षमता पुन्हा तेवढीच, १०२४ बिट! पण ही चिप लहान, स्वस्त आणि ओवायची कटकट नाही. आज ८ जीबी रॅमच्या मोबाईलमध्ये ६,८०० कोटींहून जास्त बिट असतात.

अडचण एकच, कपॅसिटर गळतो. म्हणून रॅममधला प्रत्येक बिट सेकंदाला पंधराएक वेळा पुन्हा भरावा लागतो. वीज गेली की भरणं थांबतं. सेव्ह केलं की तीच माहिती हार्ड डिस्कवर किंवा फ्लॅश मेमरीत जाते, तिथे ती विजेशिवाय टिकते.

वर्गात दाखवायचं असेल तर एका डब्याला तळाशी बारीक छिद्र पाडा आणि एका मुलाला तो सतत भरत ठेवायला सांगा. दोन मिनिटांनी म्हणा, "लाईट गेली, थांब." पुढचं मुलं स्वतःच बघतील.