छापलेली त्वचा आणि दिलेली त्वचा

धान्याच्या व्यापारात आयुष्य घालविलेल्या माणसाने वैद्यकशास्त्रावर लिहावे, हे काही बंधूंस विचित्र वाटेल. तथापि सिल्वासाच्या आसपास कारखाने वाढले, बॉयलर व भट्ट्या वाढल्या, आणि भाजण्याचे अपघात आता कोणासही परके राहिलेले नाहीत.

मनुष्य मोठ्या प्रमाणावर भाजला म्हणजे केवळ वेदना होतात असे नव्हे. त्वचेचे आवरण गेल्याने शरीरातील पाणी झरून जाते व जंतूंस दार मोकळे होते. म्हणून ती जागा त्वरित झाकावी लागते. सन १९८१मध्ये अमेरिकेत बर्क व यानस ह्या दोघांनी गाईच्या कातड्यातील कोलॅजेन व शार्क माशाच्या कूर्चेतील द्रव्य घेऊन कृत्रिम त्वचा सिद्ध केली. तिने प्राण वाचविले हे खरे. पण तिचे घटक वाचून आपल्या समाजातील माणूस थबकेल, हेही तितकेच खरे.

ह्या दृष्टीने माद्रिद येथील संशोधकांनी २०१७मध्ये प्रसिद्ध केलेले कार्य आम्हांस विशेष वाटले. त्यांनी प्राण्यांचे कोलॅजेन टाळून मानवी रक्तरस व मानवी पेशी यांचीच जणू शाई केली. यंत्राच्या बारीक नळ्यांतून ती थरावर थर अशी सोडली जाते. खाली आतली त्वचा, वर बाहेरची. शंभर चौरस सेंटिमीटरचा तुकडा पस्तीस मिनिटांच्या आत छापून होतो! परंतु छपाई झटपट झाली तरी रोग्याच्याच पेशी आधी वाढवाव्या लागतात, आणि त्यास सुमारे तीन आठवडे जातात. पेरल्या दिवशी पीक कापता येत नाही. शिवाय घामाच्या ग्रंथी व केस यांसह संपूर्ण त्वचा छापणे अद्याप साधलेले नाही.

मग ते तीन आठवडे रोग्याने कसे काढावेत? येथे मृत व्यक्तीची त्वचा उपयोगी पडते. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात २०००मध्ये त्वचापेढी सुरू झाली. ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्येही पेढी आहे. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत मांड्या, पाय व पाठ येथून पातळ थर घेतात. चेहऱ्यास हात लागत नाही, रक्तगट जुळवावा लागत नाही. ग्लिसरॉलमध्ये थंड ठेवल्यास ती त्वचा पाच वर्षे टिकते. आमच्या गोदामातील गहूदेखील इतका टिकत नाही!

गतवर्षी आमच्या बाजारातील एका वृद्ध बंधूंचे देहावसान झाले. नेत्रदान तासाभरात झाले. त्वचेचा विषय मात्र कोणी काढलाच नाही, कारण तीही देता येते हे जमलेल्यांपैकी कोणास ठाऊक नव्हते. अंत्ययात्रा लवकर निघावी ही आपली रीत आहे, आणि मुंबईचा रस्ताच तीन-चार तासांचा. तेव्हा पथक येथवर वेळेत पोहोचू शकेल काय, व नसल्यास जवळची सोय कोणती, ह्याची लेखी विचारणा कार्यकारिणीने करावी आणि ती माहिती नेत्रदानाच्या अर्जासोबतच छापावी, असा ठराव आम्ही येत्या सर्वसाधारण सभेत मांडणार आहोत.