बॉनेटखालचा रंग

प्रीमियर पद्मिनीची टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून गेली. आता राहिल्या त्या हौशी मालकांच्या गाड्या. बाहेरून लखलखीत, बॉनेट उचललं की मात्र तेल-धुळीचा काळा थर, आणि बॅटरीखाली ॲसिडनं खाल्लेला पत्रा.

बॉनेटखालच्या रंगासाठी इंजिन उतरवावं, हे बरोबरच. पण त्यासाठी चेनपुली लागते, रेडिएटर काढावा लागतो, सायलेन्सरचे गंजलेले नट सोडवावे लागतात आणि त्यातला एखादा हमखास तुटतो. म्हणून जुने मेस्त्री इंजिन जागेवरच ठेवतात. पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन लांबीच्या दिशेनं बसवलेलं आहे, दोन्ही अंगांनी हात जातो. आडव्या इंजिनच्या आजच्या गाड्यांत ही चैन नाही.

आधी बॅटरी बाहेर. निगेटिव्हची वायर पहिली सोडायची. बॅटरीच्या बैठकीवर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ओतायचा. फेस यायचा थांबेपर्यंत ॲसिड संपलं असं धरायचं नाही. कार्बोरेटरचं तोंड आणि डिस्ट्रिब्यूटर प्लॅस्टिकनं बांधून मग डिझेल आणि ब्रशानं मळ सोडवायचा. नवखे इथेच फसतात: डिझेलचा ओशटपणा साबणानं धुतला नाही, तर रंग पत्र्याला धरत नाही, बारीक खळगे पडतात. ब्रेक ऑइलची गळतीही आधीच थांबवावी. ते ताजा रंगसुद्धा सोलून काढतं.

गंज खरवडून उघड्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमर. मग झाकाझाकी, आणि खरं कौशल्य मला इथेच दिसतं. वायरिंगला टेप गुंडाळत बसण्यापेक्षा स्वयंपाकघरातली फॉइल बरी, दाबाल तसा आकार घेते. चॅसी नंबरची पट्टी न विसरता झाकायची. ती रंगाखाली गेली तर आरटीओत उत्तरं देत बसावं लागतं.

इतकं झाल्यावर लहान गननं पातळ हात मारायचे. हार्डनरच्या रंगाची वाफ छातीला वाईट, नाकाला रुमाल बांधून भागत नाही, योग्य मास्कच हवा. आणि एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग पावसाळ्यात मारू नये. दमट हवेत त्यावर पांढुरकी झाक येते.

इंजिनच्या पाठीमागची वीतभर जागा गनच्या टप्प्यात येत नाही. तिथे ब्रशच चालवावा लागतो. टॉर्च मारली की ब्रशाच्या रेघा दिसतात.