घोट्यावरचा दुष्टव्रण आणि विस्मृतीत गेलेला बंध



पायाच्या आतील घोट्याच्या किंचित वर, काळवंडलेल्या व कठीण झालेल्या त्वचेत बसलेला, उथळ, वेड्यावाकड्या कडांचा आणि सतत स्रवणारा व्रण आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. असा रुग्ण आपल्याकडे प्रथम क्वचितच येतो. मलमे, प्रतिजैविके, घरची हळद असे सर्व करून थकल्यावर तो येतो आणि आपणही जात्यादि तेलाची बाटली व त्रिफळा गुग्गुळाची पुडी देऊन त्याची बोळवण करतो. प्रस्तुत लेखकाने अनेक वर्षे हेच केले.

खाणावळ चालविणाऱ्या एका भगिनीने हा क्रम मोडला. दिवसाचे दहा तास शेगडीसमोर उभे राहण्याचा त्यांचा व्यवसाय. त्रिफळा क्वाथाने प्रक्षालन, जात्यादि तेलाचा पिचू आणि महिन्यातून दोनदा जलौकावचरण अशी चिकित्सा चार महिने चालली. दुर्गंधी गेली, कंडू व वेदना कमी झाल्या, व्रणतल लाल झाले. व्रण शुद्ध झाला. रोपण मात्र होईना. एका शल्यचिकित्सक मित्राने एकच प्रश्न विचारला : “बांधता कसे?” गॉजची घडी आणि चिकटपट्टी, एवढेच माझे उत्तर होते.

दोष येथेच होता. उभे असताना घोट्याजवळील सिरांमधील दाब सुमारे ९० मिमी पाऱ्याइतका असतो. निरोगी व्यक्ती चालू लागली की पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलतात आणि हा दाब ३० च्या खाली येतो. सिरांच्या झडपा निकामी झाल्यास तो उतरतच नाही. शोथ राहतो, त्वचेचे पोषण खुंटते आणि व्रण भरत नाही. मुळाशी असलेला हा दाब कोणतेही तेल उतरवू शकत नाही. बाहेरून दिलेला दाब मात्र त्याला आवर घालतो.

सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानाच्या पहिल्या अध्यायात सांगितलेल्या साठ उपक्रमांत बंध आहेच. सूत्रस्थानाच्या अठराव्या अध्यायात बंधाचे चौदा प्रकार दिले असून शाखांसाठी अनुवेल्लित बंध सांगितला आहे. गाढ, सम व शिथिल असा भेद करून शाखांना सम बंध योजला आहे. आपण ही नावे तोंडी परीक्षेपुरती पाठ करतो आणि नंतर विसरतो. अग्निदग्ध, कुष्ठी आणि मधुमेहातील पिडका यांना बंध वर्ज्य मानला आहे, हेही तेथेच आहे व आजच्या व्यवहारात ते फार मोलाचे आहे.

कारण धमनीविकार असलेल्या पायाला करकचून बांधणे म्हणजे पाय गमावण्याचे निमंत्रण. पावलावरील व घोट्यामागील नाडी हाताला लागते का, हे पाहिल्याशिवाय पट्टी उचलू नये. शक्य तेथे डॉपलरने घोट्याचा व दंडाचा रक्तदाब मोजून गुणोत्तर काढावे. ते ०.८ पेक्षा कमी असल्यास पूर्ण दाबाचा बंध न देता रुग्णास रक्तवाहिनीतज्ज्ञाकडे पाठवावे. मधुमेहींमध्ये धमन्या कठीण झाल्याने हे गुणोत्तर फसवे, अधिक येऊ शकते.

बंधाला सकाळ उत्तम. सूज उतरलेली असते. पाऊल काटकोनात ठेवून, हाडांच्या उंचवट्यांवर कापूस देऊन, बोटांच्या मुळापासून गुडघ्याखालपर्यंत प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याच्या निम्म्यावर घ्यावा. घोट्याशी सुमारे ४० मिमी दाब अपेक्षित असून वर तो कमी होत जावा. बोटे निळी पडल्यास, बधिरता वा वेदना वाढल्यास बंध तत्काळ सोडावा, हे रुग्णाला घरी जाण्यापूर्वी बजावावे.

औषधविक्रेत्या बंधूंना एक विनंती. साधी क्रेप पट्टी काही तासांत सैल पडते; अनेक थरांच्या अथवा अल्प ताणाच्या पट्ट्या दुकानात ठेवाव्यात. दाबाचे मोजे टेप न लावता, केवळ ‘मोठा की मध्यम’ एवढेच विचारून विकले जातात, हे अयोग्य आहे. घोटा व पोटरी यांचा घेर सकाळी मोजूनच माप द्यावे.

आपली औषधे मग निरुपयोगी ठरतात काय? मुळीच नाही. प्रक्षालन, शोधन व वेदनाशमन यांत त्यांचा उपयोग मी रोज पाहतो. मात्र या रुग्णांची त्वचा लेपांना फार लवकर बिघडते आणि जात्यादि तेलात तुत्थही असते. भोवती पुरळ दिसताच तेल थांबवावे. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांना, पांडुरोग्यांना व धमनीविकार असणाऱ्यांना जळवा लावू नयेत. तीन महिन्यांत न भरणाऱ्या किंवा कडा उंचावलेल्या व्रणाचा तुकडा तपासणीस पाठवावा. जुन्या व्रणात कर्करोग उद्भवतो.

शल्यकर्माचे स्थानही मान्य केले पाहिजे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील ५०० रुग्णांच्या अभ्यासात, बंधासोबत वरवरच्या सिरांची शस्त्रक्रिया केल्यावर व्रण अधिक लवकर भरले नाहीत. मात्र वर्षभरातील पुनरुद्भव २८ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आला. २०१८ च्या ४५० रुग्णांच्या अभ्यासात सदोष सिरा आतून लवकर बंद केल्याने व्रण भरण्याचा मध्यकाल ८२ दिवसांवरून ५६ दिवसांवर उतरला. त्यामुळे व्रण भरण्याची वाट न पाहता सिरांची डॉपलर सोनोग्राफी आरंभीच करून घ्यावी.

त्या भगिनींचा व्रण बंध सुरू केल्यावर अकरा आठवड्यांत भरला. शेगडीसमोर त्या आता दाबाचे मोजे घालून उभ्या राहतात आणि दर सहा महिन्यांनी नवा जोड घेतात. उन्हाळ्यात मात्र मोज्यांबद्दल त्यांची कुरकुर ऐकावीच लागते.