कोंबडीचं खाद्य: पोटात किती, मातीत किती?

शनिवार पेठेत आमच्या बचत गटांची महिन्याची बैठक भरते, तेव्हा मुळशी, मावळ, भोरकडच्या मैत्रिणीही येतात. त्यातल्या बऱ्याचजणींच्या परसात आठ-दहा कोंबड्या आहेत. अलीकडे त्यांच्याकडून एकच बोलणं सारखं ऐकू येतं, "घरचे म्हणतात, विकून टाक. खातात जास्त आणि देतात कमी." अंड्याचे पैसे हे घरात बाईच्या हातात राहणारे पैसे असतात. वही-पेन्सिल, औषध, गटाचा हप्ता यातूनच निघतो. म्हणून कोंबड्या विकण्याआधी खाद्य नेमकं जातं कुठे, हे आज आपण बघू.

पुण्याला कोंबडीचा हिशेब नवा नाही. व्यंकटेश्वरा हॅचरीज ही मोठी कंपनी डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये पुण्यातच सुरू केली. १९८२ मध्ये अंडी उत्पादकांची राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली, तीही त्यांच्याच पुढाकाराने. या धंद्यात एकूण खर्चातले दोन तृतीयांशाच्या आसपास पैसे एकट्या खाद्यावर जातात, म्हणून मोठे पोल्ट्रीवाले खाद्य ग्रॅममध्ये मोजतात. आपण मात्र ओंजळीने टाकतो.

अंड्यावरची एक कोंबडी दिवसाला साधारण ११० ते १२० ग्रॅम खाद्य खाते. खुराड्यातच बांधून ठेवलेल्या कोंबडीला हे सगळं आपणच द्यावं लागतं. दिवसभर मोकळी फिरणारी कोंबडी किडे, वाळवी, गवताचं बी, सांडलेलं धान्य खाऊन बरंचसं पोट भरते. तिला वरून ५० ते ६० ग्रॅम पुरतं. उन्हाळ्यात शिवार कोरडं पडलं की थोडं वाढवायचं. घरातली एक वाटी ठरवा, दुकानात नेऊन एकदा वजन करून घ्या आणि रोज त्याच वाटीने द्या.

आता नासाडीचा हिशेब. दहा बांधीव कोंबड्या दिवसाला १ किलो २०० ग्रॅम, म्हणजे महिन्याला ३६ किलो खातात. त्यातला पाचवा हिस्सा सांडला, तर ७ किलोच्या वर खाद्य मातीत गेलं. किलोला ४० रुपये धरले तर २८० रुपये झाले. अंडं १२ रुपयांना जात असेल, तर महिन्याची जवळजवळ दोन डझन अंडी नुसती सांडली. म्हणजे "खातात जास्त" या तक्रारीतला बराच भाग त्यांच्या पोटात गेलेलाच नसतो.

सांडतं कशामुळे? पहिलं कारण, काठोकाठ भरलेलं भांडं. कोंबडी चोचीने खाद्य बाजूला उडवते आणि आवडीचा दाणा शोधते. म्हणून भांडं एक तृतीयांशच भरायचं आणि दिवसातून दोनदा द्यायचं. दुसरं, भांड्याची उंची. भांड्याचा काठ कोंबडीच्या पाठीच्या उंचीला यायला हवा. विटेवर ठेवा किंवा दोरीने टांगा, मग तिला पायाने उकरता येत नाही. काठ आतल्या बाजूला वळलेला असेल तर आणखी चांगलं. तेलाच्या रिकाम्या डब्याला बाजूने चोच जाईल एवढी भोकं पाडून खाली ताटली बसवली, तरी चालतं. पत्र्याची धार तेवढी ठोकून घ्या.

तिसरं कारण रात्री येतं. भांड्यात उरलेलं खाद्य उंदीर-घुशी खातात आणि उरलेल्यावर घाण करून जातात. म्हणून संध्याकाळी भांडं रिकामं करून उचलायचं. पोतं जमिनीवर नको, फळीवर ठेवा, भिंतीपासून थोडं सुटं. झाकणाचा पत्र्याचा डबा सगळ्यात बरा.

चौथं, ओल. आपल्याकडच्या पावसात पेंड आणि मका लवकर बुरसतात. बुरशीचं विष कोंबडीच्या यकृताला लागतं, अंडी घटतात, कोंबड्या मरतातही. बुरसलेलं खाद्य वाळवलं तरी विष जात नाही, ते टाकूनच द्यावं. पावसाळ्यात पंधरा-वीस दिवसांपुरतंच आणा. भिजवून देत असाल तर अर्ध्या तासात संपेल एवढंच भिजवा.

आता द्यायचं काय? नुसती कणी किंवा नुसती ज्वारी दिली तर कोंबडी गुबगुबीत होते, पण अंड्याला लागणारी प्रथिनं कमी पडतात. घरी १० किलो मिश्रण करायचं तर साडेपाच किलो मक्याचा भरडा, अडीच किलो सोयाबीन पेंड, १ किलो तांदळाचा किंवा गव्हाचा कोंडा, ८०० ग्रॅम शिंपल्यांचा चुरा, २०० ग्रॅम कोंबड्यांचं खनिज मिश्रण आणि वर ३० ग्रॅम मीठ घ्या. मक्यातल्या थोड्या भागाऐवजी ज्वारी-बाजरी चालते. बारीक पिठासारखं दळू नका, ते उडून वाया जातं.

शिंपल्यांचा चुरा का? अंड्याच्या एका कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असतं आणि कवच बहुतेक रात्री तयार होतं. म्हणून मोकळ्या कोंबड्यांना हा चुरा संध्याकाळी वेगळ्या वाटीत ठेवा. जिला हवा ती खाईल. अंड्याची टरफलंही चालतात, पण उकळून, वाळवून, बारीक चुरून. अख्खी टरफलं टाकली तर कोंबडीला अंडं फोडून खायची सवय लागते. हे अंड्यावरचं खाद्य पिल्लांना मात्र देऊ नका, जादा कॅल्शियमने त्यांची मूत्रपिंडं बिघडतात. तलंगा अंड्यावर येईपर्यंत त्यांचं खाद्य वेगळं ठेवा.

स्वयंपाकघरातलंही खूप कामाला येतं. आम्ही शहरातल्या बायका मंडईतून मुळ्याचा पाला, कोबीची बाहेरची पानं, मेथीच्या काड्या आणतो, गावाकडे परसात शेवगा असतो. पाला जमिनीवर न टाकता जुडी बांधून टांगा, तुडवला जात नाही. शिळा भात, भाकरीचे तुकडे थोडे चालतात. खारट, मसालेदार, आंबलेलं, कच्च्या बटाट्याची हिरवी सालं आणि न शिजवलेला राजमा नको.

पाणी विसरू नका. कोंबडी खाद्याच्या दुप्पट पाणी पिते. उन्हाळ्यात त्याहून जास्त. पाणी संपलं की ती खाणं सोडते आणि पाठोपाठ अंडीही थांबतात. भांडं सावलीत ठेवा, रोज घासा.

शेवटची गळती म्हणजे न देणारी कोंबडी. देणारीचा तुरा लालभडक आणि मऊ असतो. शेपटीखाली हाडांच्या दोन टोकांमध्ये दोन-तीन बोटं बसतात. तुरा सुकलेला आणि एकच बोट बसतंय, तर ती सध्या देत नाही. पण लगेच विकू नका. खुडूक बसली असेल, पिसं गाळत असेल किंवा पोटात जंत असतील. जंताचं औषध पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून द्या. दोन महिने वाट पाहूनही अंडं नाही, तर मात्र तिच्यावरचं खाद्य थांबवलेलं बरं.

जातीचाही विचार करा. गावठी कोंबडी वर्षाला साधारण ६० ते ८० अंडी देते, पण पिल्लं चांगली वाढवते. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने काढलेली ग्रामप्रिया परसात त्याच्या दुपटीच्या आसपास देते, पण तिला खाद्यही वेळेवर लागतं. ज्या घरात वाटी मोजून द्यायला कुणी नाही, तिथे गावठीच बरी.

तर मैत्रिणींनो, एवढं करा. एका वहीत चार रकाने आखा: तारीख, दिलेलं खाद्य, अंडी, विक्री. पहिला आठवडा आहे तसं चालू द्या. दुसऱ्या आठवड्यात भांडं उंच करा, एक तृतीयांशच भरा, रात्री उचला. दोन्ही आठवड्यांचे आकडे शेजारी लिहून घरी सगळ्यांना दाखवा. कोंबड्या ठेवायच्या की विकायच्या, हे मग त्या वहीवरून ठरवा. वही गटाच्या बैठकीला आणा, बेरीज सगळ्या मिळून करू.