वार कुठे रुजली, कशी रुजली

बाळ जन्मले की सगळ्यांचे डोळे बाळाकडे जातात. मुलगा की मुलगी, वजन किती, नाक कोणावर गेले. त्यानंतर दहा-पंधरा मिनिटांनी आणखी एक गोष्ट बाहेर येते, पण तिच्याकडे नर्स-डॉक्टर सोडून कोणी पाहत नाही. ती वार. वजन अर्धा किलोच्या आसपास, घेर भाकरीएवढा, जाडी दोन बोटे. एक बाजू गुळगुळीत, चकचकीत, तिला नाळ जोडलेली. दुसरी बाजू कलेजीसारखी लाल आणि खडबडीत. आम्हा नर्सना शिकवलेले असते की वार ट्रेमध्ये पसरायची, रक्त पुसायचे आणि एखादा तुकडा कमी नाही ना हे नीट पाहायचे. मग ती पिवळ्या पिशवीत जाते.

वस्त्यांमध्ये, विहारात महिलांच्या बैठका घेतो तेव्हा आम्ही एक प्रश्न विचारतो. वार कोणाची, आईची की बाळाची? बहुतेक जणी म्हणतात आईची, कारण ती आईच्या पोटातून निघते. खरे उत्तर उलटे आहे. वार तयार होते ती ज्या बीजापासून बाळ होते त्याच बीजापासून. आणि त्या बीजात निम्मा वाटा बापाचा असतो. हे ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल.

आईचे असते ते अंथरूण. दर महिन्याला पाळी संपली की गर्भपिशवीच्या आत नवे अस्तर वाढायला लागते. पाळी 28 दिवसांनी येत असेल तर साधारण चौदाव्या दिवशी स्त्रीबीज बाहेर पडते. त्यानंतर हे अस्तर मऊ, जाड होते, त्यात रक्तवाहिन्या वाढतात, छोट्या ग्रंथी पोषक रस तयार करतात. गर्भ आला तर त्याची सोय झालेली असते. नाही आला तर अस्तर सुटते आणि रक्ताबरोबर बाहेर जाते. पाळी म्हणजे एवढेच. त्यात घाण नाही, शरीरात साठलेले विष नाही. न लागलेले अंथरूण शरीराने काढून टाकले आणि पुन्हा नवे घालायला घेतले.

गायी-म्हशींना अशी पाळी येत नाही. त्यांची वार, जिला गावाकडे जार म्हणतात, पिशवीच्या भिंतीला बटणे लावल्यासारखी वरवर चिकटते. माणसाची वार तशी नाही. ती आत घुसते, आईच्या रक्तवाहिन्यांपर्यंत पोहोचते. म्हणून बाईच्या शरीराला गर्भ येण्याआधीच, दर महिन्याला, तयारी करून ठेवावी लागते.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. अनेक गावांत नाळ कापायचे, वार उचलून पुरायचे काम आपल्या किंवा आपल्यासारख्याच गावकुसाबाहेर ठेवलेल्या जातींतल्या बायांकडे असे. बाळ खेळवायला घरचे हात, वार उचलायला आपल्या आज्या-पणज्या, आणि विटाळ मात्र त्यांचाच. आता विटाळ आपण मानत नाही म्हणतो. तरीही पाळीतल्या पोरीला लोणच्याच्या बरणीपासून दूर ठेवणारी घरे आपल्या वस्तीत आहेत. तेवढे बोलून पुढे जाऊ.

स्त्रीबीज आणि पुरुषबीज एकत्र येतात ते गर्भपिशवीत नाही, नळीत. कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनमध्ये ज्या नळ्या बांधतात, त्याच. तिथून गर्भ हळूहळू सरकत चार-पाच दिवसांनी पिशवीत उतरतो. तेव्हा तो खसखशीच्या दाण्यापेक्षाही लहान, पाण्याने भरलेल्या फुग्यासारखा असतो. फुग्याच्या आत एका बाजूला पेशींचा पुंजका असतो, त्याचे बाळ होते. फुग्याची बाहेरची साल असते, तिची वार होते. साधारण सहाव्या दिवसापासून ही साल आईच्या अस्तराला चिकटते आणि त्यात शिरू लागते. ज्वारी पेरली की कोंब वर येण्याआधी मूळ खाली जाते, तसेच. आधी वारेची मुळे, मग बाळ.

अस्तर गर्भाला घ्यायला तयार असते ते महिन्यातले मोजके दिवस. गर्भ लवकर पोहोचला किंवा उशिरा, तर रुजत नाही. रुजला की ती साल एक रस रक्तात सोडते. "आता अस्तर सोडू नका" असा तो बीजकोषाला निरोप असतो आणि म्हणून पाळी चुकते. मेडिकलमधून आणलेल्या पट्टीवर दोन रेषा उमटतात त्या याच रसामुळे. म्हणजे पट्टी आपल्याला वारेची खबर देते. गर्भ कुठे रुजला, नीट रुजला की नाही, हे ती सांगत नाही.

पुष्कळ गर्भ रुजतच नाहीत. पाळी वेळेवर किंवा दोन-चार दिवस उशिरा येते आणि बाईला काही कळतही नाही. दिवस गेल्याचे कळल्यावरही शंभरातले दहा-पंधरा गर्भ पडतात. सुरुवातीच्या महिन्यांत पडलेल्या गर्भांपैकी निम्म्यांच्या आसपास गर्भांत रंगसूत्रांची चूक झालेली असते, म्हणजे बीज एकत्र येतानाच बिघाड झालेला असतो. पपई खाल्ली, हंडा उचलला, रिक्षात बसली, सासूचे ऐकले नाही, ही त्याची कारणे नव्हेत. आणि बीजात निम्मा वाटा बापाचा असतो हे वर सांगितलेच आहे. तरी आजही गर्भ पडला की पहिले बोट सुनेकडे जाते. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या पथकाने 1986 साली टेस्ट ट्यूब बाळ जन्माला घातले, त्याला इतकी वर्षे झाली. प्रयोगशाळेत गर्भ तयार करता येतो, पिशवीत ठेवता येतो. तो रुजेलच याची हमी आजही कोणताच डॉक्टर देऊ शकत नाही. मग घरातल्या बाईकडून ती हमी कशी मागता? मात्र लागोपाठ दोन-तीन गर्भ पडले तर तपासण्या कराव्यात, आणि दोघांनीही कराव्यात.

कधी गर्भ नळीतच अडकतो आणि तिथेच रुजतो. नळीत पिशवीसारखे अस्तर नाही, फुगायला जागा नाही. दीड-दोन महिन्यांत नळी फाटते आणि पोटात रक्तस्राव होतो. पाळी चुकलेली, थोडे थोडे अंगावरून जाते, ओटीपोटात, बऱ्याचदा एका बाजूला दुखते, चक्कर येते, कधी खांदा दुखतो. असे झाले तर घरी थांबायचे नाही. अंगावर काढलेले पांढरे पाणी, नळ्यांचे जुने इन्फेक्शन, पिशवीचा टीबी यांनी नळी खराब झालेली असते तिथे हा धोका जास्त. नळ्या बांधलेल्या बाईची पाळी चुकली तरी आधी हीच शंका घ्यावी. आमचे सगळ्यात मोठे भय आहे ते मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गर्भपाताच्या गोळ्यांचे. त्या गोळ्यांनी नळीतला गर्भ जात नाही. थोडे रक्त जाते, बाईला वाटते सुटले, आणि आत नळी फुगतच राहते. गर्भपात कायद्याने करता येतो. सरकारी दवाखान्यात होतो. आधी तपासून घ्या, एवढेच आमचे म्हणणे.

वार पिशवीत रुजली तरी जागा महत्त्वाची. वरच्या भागात रुजली तर बरे. खाली, पिशवीच्या तोंडाशी रुजली तर बाळाची वाट अडते. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत "वार खाली आहे" असे लिहून आले म्हणून रडत बसू नका. पिशवी वाढते तशी बहुतेकींची वार वर सरकते. पण पाचव्या महिन्यानंतर न दुखता लालभडक रक्त गेले तर लगेच मोठ्या दवाखान्यात जायचे, आणि सोनोग्राफी होईपर्यंत कोणालाही आतून तपासू द्यायचे नाही. आधी सिझर झालेल्या बाईने तर वार कुठे आहे हे विचारायलाच हवे. टाक्याच्या जागी अस्तर धड नसते. वारेची मुळे तिथे थेट पिशवीच्या मांसात घुसू शकतात. मग बाळंतपणात वार सुटत नाही आणि रक्त थांबता थांबत नाही. जितकी सिझर जास्त, तितका हा धोका जास्त. जुन्या सिझरचा कागद गादीखाली नाही, पिशवीत घेऊन फिरा.

आता बीपीबद्दल. याच्यावर जास्त बोलायचे आहे, कारण वस्तीत याला कोणी वारेशी जोडतच नाही.

पहिले दोन-अडीच महिने वारेच्या मुळांना आईच्या रक्ताचा पुरता पुरवठा नसतो. अस्तराच्या ग्रंथींचा रस हाच त्या गर्भाचा मुख्य आहार. मग वारेच्या पेशी आईच्या बारीक, पीळ घातलेल्या रक्तवाहिन्यांमध्ये शिरतात आणि त्यांच्या भिंती बदलून टाकतात. सुतळीएवढी वाट पाण्याच्या पाइपाएवढी रुंद होते. पाचव्या महिन्याच्या सुमाराला हे काम पुरे होते. शेवटच्या महिन्यात गर्भपिशवीकडे मिनिटाला अर्धा लिटरहून जास्त रक्त जाते. वारेच्या आत झाडाच्या फांद्यांसारखे बारीक कोंब असतात, ते उलगडून पसरले तर आपली दहा बाय बाराची खोली भरेल. आईचे रक्त त्या कोंबांच्या बाहेरून वाहते, बाळाचे आतून. मध्ये पातळ पडदा. दोन्ही रक्ते मिसळत नाहीत. अन्न आणि प्राणवायू तेवढे पलीकडे जातात.

काही बायांत मुळे खोल जात नाहीत आणि वाहिन्या अरुंदच राहतात. चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत काही दिसत नाही. पुढे बाळ वाढते, त्याला जास्त रक्त हवे, वाट तेवढीच. उपाशी राहिलेली वार आईच्या रक्तात असे पदार्थ सोडते की सगळ्या अंगातल्या रक्तवाहिन्या बिघडतात. बीपी 140/90 च्या वर जातो, लघवीतून प्रोटीन जाऊ लागते, बाळाचे वजन वाढत नाही. बाई म्हणते, मला काही होत नाही. खरेच होत नसते, म्हणून तर दर तपासणीला बीपी आणि लघवी पाहायची असते. नुसते पाय सुजणे बऱ्याच जणींना होते. तोंड, हात सुजणे, डोके फुटेल असे दुखणे, डोळ्यांपुढे काजवे, छातीखाली वरच्या पोटात दुखणे, ही वेगळी गोष्ट. त्यानंतर झटके येऊ शकतात. अशा झटक्यांना अंगात आले म्हणून लिंबू उतरवत बसलेली घरे आम्ही पाहिली आहेत. तिथे हवी असते गाडी आणि मॅग्नेशियमचे इंजेक्शन. 108 ला फोन करा, बाईला कुशीवर झोपवा, तोंडात काही घालू नका.

पहिलटकरीण, जुळी, आधीच्या खेपेला बीपी वाढलेली, साखर किंवा किडनीचा आजार असलेली, आई-बहिणीला हा त्रास झालेली, यांनी दिवस गेल्याचे कळताच नाव नोंदवावे. काहींना डॉक्टर चौथा महिना पुरा होण्याआधी अॅस्पिरिनची बारीक गोळी सुरू करतात. ती आपल्या मनाने घ्यायची नाही. कॅल्शियमची गोळी सरकारी दवाखान्यात चौथ्या महिन्यापासून मिळते, ती मात्र घ्यायचीच. लोहाच्या गोळीबरोबर नाही, वेगळ्या वेळी. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर बायांची मोफत तपासणी होते, ती चुकवू नका. आणि एक सांगून ठेवतो: हा आजार वार बाहेर पडल्यावरच उतरायला लागतो. डॉक्टर लवकर बाळंत करायचे म्हणाले की ते पैशासाठीच, असे धरून चालू नका. बाळंतपणानंतरही काही दिवस, कधी काही आठवडे, बीपी वाढू शकतो. तेव्हाही डोके दुखले तर तपासायचे.

मशेरीबद्दल थोडे. तंबाखूतले निकोटीन वारेतून सरळ बाळाकडे जाते आणि वारेच्या वाहिन्याही आवळते. दात घासायला लावली, गिळली नाही, याने फरक पडत नाही. गालातून ती रक्तात जातेच. धनुर्वाताचे इंजेक्शन आईला देतात ते मात्र चांगल्या अर्थाने याच वाटेने बाळाला पोहोचते.

बाळंतपणात वार सुटते तेव्हा तिच्यामागे रक्तवाहिन्यांची तोंडे उघडी राहतात. पिशवी घट्ट आवळली की ती बंद होतात. म्हणून बाळ बाहेर येताच आईला इंजेक्शन देतात. अर्धा तास झाला तरी वार पडली नाही, किंवा पिशवी ढिलीच राहिली, तर तासाभरात बाई हातची जाऊ शकते. अंगात रक्त आधीच 8 असेल तर आणखी लवकर. घरी अचानक बाळंतपण झालेच तर नाळ ओढायची नाही, पोटावर बसून दाबायचे नाही. बाळाला छातीशी लावा, दूध ओढू द्या, त्याने पिशवी आवळते. आणि वार पडली असली तरी ती पिशवीत घालून आई-बाळाबरोबर दवाखान्यात न्या, म्हणजे नर्सला ती पुरी आहे का ते पाहता येईल. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषधे, लागले तर रक्त आणि येण्या-जाण्याची गाडी मोफत आहे. पैसे मागितले तर पावती मागा.

तुकडा आत राहिला तर ते घरी आल्यावर कळते. कमी होत आलेले रक्त पुन्हा वाढते, गुठळ्या पडतात, वास येतो, थंडी वाजून ताप येतो. सव्वा महिना बाळंतीण खोलीत असते, कपडे ती स्वतःच धुते, कोणाला काही दिसत नाही. सासूबाईंनी, आईने, नणंदेने रोज विचारायचे: किती कपडे लागले? तासाला एक भिजायला लागला की विचारत बसायचे नाही, निघायचे.