विनयातील न्यायसंज्ञा : जुना अर्थ आणि नवा अर्थ

दि. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत केलेल्या भाषणात बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भिक्खुसंघाच्या कार्यपद्धतीचा उल्लेख केला. आसनव्यवस्था, प्रस्ताव, गणपूर्ती, मतमोजणी इतकेच नव्हे, तर निकालात निघालेला वाद पुन्हा उपस्थित न करण्याचा, म्हणजे ‘रेस ज्युडिकाटा’चा नियमही संघास ठाऊक होता, असे त्यांनी सांगितले. या विधानाचा आधार विनयपिटकात आहे. तथापि तो शोधू जाणाऱ्या मराठी वाचकास एक अडचण येते. विनयातील कित्येक संज्ञा मराठीत आजही रूढ आहेत. परंतु त्यांचे अर्थ पालटले आहेत. ओळखीचा शब्द दिसताच आपण आजचा अर्थ गृहीत धरतो आणि मूळ नियम हातून निसटतो.

‘अधिकरण’ हा शब्द घ्या. आज ‘न्यायाधिकरण’ म्हणजे निवाडा देणारे मंडळ. विनयात मात्र अधिकरण म्हणजे निवाड्यासाठी आलेले प्रकरण. ही प्रकरणे चार प्रकारची : विवाद, अनुवाद, आपत्ति आणि किच्च. यांतील ‘अनुवाद’ म्हणजे भाषांतर नव्हे, तर दुसऱ्यावर केलेला दोषारोप. आणि ‘आपत्ति’ म्हणजे संकट नव्हे, तर नियमभंगाने घडलेला अपराध. ही अधिकरणे शमविण्याचे सात उपाय सांगितले आहेत. त्यांतील पहिला ‘सम्मुखाविनय’. ज्याच्याविषयी निर्णय घ्यावयाचा, ती व्यक्ती समक्ष उपस्थित असली पाहिजे, हे त्याचे एक आवश्यक अंग होय.

बहुमताचा नियम ‘येभुय्यसिका’ या नावाने येतो. त्यात शलाका वाटून मते घेतली जात. परंतु हा उपाय केवळ विवादाधिकरणासाठी, म्हणजे धम्म कोणता व विनय कोणता याविषयीच्या मतभेदासाठी आहे. एखादा भिक्खू दोषी आहे की नाही, हे शलाका मोजून ठरवावयाचे नसते.

‘छंद’ या शब्दाचा प्रवास अधिकच दूरचा आहे. आज छंद म्हणजे आवड. विनयात आजारी भिक्खूने दुसऱ्याकरवी संघकर्मास पाठविलेली संमती म्हणजे छंद. ही संमती पाठविणेही त्याला शक्य नसेल, तर त्यास मंचकासह सभेत आणावे. तेही धोक्याचे असेल तर संघाने त्याच्याकडे जावे. परंतु अपूर्ण संघाने कर्म करू नये, असा दंडक आहे. याच विनयात शलाका वाटणारा भिक्खू ‘छंदा’च्या आहारी जाणारा नसावा, असेही म्हटले आहे. तेथे मात्र छंद म्हणजे पक्षपात. संदर्भ सोडला तर गुण आणि दोष यांचीच अदलाबदल होते.

आता ‘रेस ज्युडिकाटा’कडे वळू. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ११ नुसार, त्याच पक्षांमधील अंतिमतः निर्णीत झालेला मुद्दा न्यायालय पुन्हा चालवीत नाही. निकाल चुकीचा होता एवढ्याने हे बंधन सुटत नाही. दाद अपिलात मागावी लागते. विनयातील ६३ वा पाचित्तिय नियम याच्या जवळचा आहे. पण तो न्यायसभेला नव्हे, तर व्यक्तीला बांधतो. धम्मानुसार मिटलेले अधिकरण जाणूनबुजून उकरून काढणारा भिक्खू दोषी ठरतो. मात्र ते कर्म अधम्माने किंवा अपूर्ण संघाने झाले असे जाणून जो ते पुन्हा उपस्थित करतो, त्यास दोष नाही.

म्हणजे निर्णयाची अंतिमता येथे निर्णयाच्या रीतीवर अवलंबून आहे. संघ एकत्र होता काय, आरोपित समक्ष होता काय, अनुपस्थिताची संमती घेतली होती काय, हे प्रश्न आधी येतात. बाबासाहेबांनी दाखविलेले साम्य खरेच आहे. परंतु जुन्या संज्ञा आजच्या अर्थाने वाचल्या, तर आपल्या हाती केवळ साम्य उरते. त्या त्यांच्याच अर्थाने वाचल्या, तर आपल्या विहारांतील व संस्थांतील वाद कसे मिटवावेत, याचा मापदंडही हाती येतो.